गुळवेलीवरची डोळेवाली अळी : वेल तोडू की ठेवू?

मोगरा_नागपूर | १४ सप्टेंबर, रात्री ९.१०

मंडळी, त्रिमूर्तीनगरात आमच्या अंगणात कडुनिंबावर गुळवेल चढलीय. २०२० साली सगळ्यांनी लावली तशी मीही लावली, शेजारच्या काकूंनी दिलेली वीतभर काडी. आज ती दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत डोकावते. घरात काढा पिणं कधीच बंद झालं, वेल मात्र थांबायचं नाव घेत नाही.

परवा पानांची चाळणी झालेली दिसली म्हणून स्टुलावर चढून फांदी वाकवली, तर एक काळी मखमली अळी. करंगळीपेक्षा थोडी मोठी. हात लागल्याबरोबर तिने डोकं पोटाखाली घातलं, शेपटाकडचा भाग वर उचलला आणि दोन डोळे माझ्यावर रोखले. पिवळं कडं, आत काळी बाहुली, बाहुलीत चमक. ते खरे डोळे नसून अंगावरचे ठिपके आहेत हे कळेपर्यंत मी स्टुलावरून खाली आले होते. मग आणखी चार सापडल्या.

फोटो मामेसासऱ्यांना पाठवला. त्यांची नरखेडकडे संत्र्याची बाग. लगेच फोन : "आजच्या आज तोड ती वेल. आमचे चोर तू घरी पोसून राहिली!"

तर ही अळी कशाची? आणि माझ्या अंगणातल्या एका वेलीने नरखेडच्या बागेचं खरंच काही बिघडतं का?

---

खोडकर_पोट्टा | ९.२२

ताई, काढा तुम्ही नाही प्यायल्या, अळ्या पिऊन राहिल्या. इम्युनिटी पहा त्यांची, थेट डोळे वटारतात.

---

निशाचर | ९.४८

ही युडोसिमा या प्रजातीतली अळी. प्रजाती म्हणजे गण, त्यात पंचेचाळीस-पन्नास जाती येतात. आफ्रिकेपासून आशिया, ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिक बेटांपर्यंत उष्ण पट्ट्यात पसरलेल्या. गणाला हे नाव १८२० मध्ये बिलबर्ग या स्वीडिश अभ्यासकाने दिलं, पण त्यातल्या काही जाती सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनेच आधी नोंदवल्या होत्या : फॅलोनिया १७६३ मध्ये, मटेर्ना १७६७ मध्ये.

मोठा झालेला पतंग तळहाताएवढा. झाडावर बसला की वाळकं पान. पुढचे पंख तपकिरी, मधे शीर असावी तशी रेघ, तुम्ही हात टेकवाल तरी कळणार नाही. डिवचलं की मागचे पंख उघडतो आणि आतून भडक नारिंगी रंग बाहेर येतो, कडेला काळी पट्टी. पक्षी दचकतो तेवढ्यात हा पसार. म्हणजे लहानपणी खोटे डोळे, मोठेपणी झगमगीत अस्तर. घाबरवायचा धंदा वंशपरंपरागत.

अळीच्या फोटोवरून जात सांगणं अवघड आहे, पण माझा अंदाज फॅलोनिया.

---

काटोलकर | १०.१५

ताई, तुमचे मामेसासरे रागात बोलले असतील, पण बरोबर बोलले.

आमच्याकडे ह्याला कोणी युडोसिमा-बिडोसिमा म्हणत नाही. "पाखरू लागलं" म्हटलं की सगळे समजतात. आंबिया बहाराचं, म्हणजे हिवाळा सरता सरता फुलणाऱ्या बहाराचं फळ ऑगस्ट सरता सरता गोडीवर येतं, तेव्हाच हा येतो. सकाळी बागेत गेलं की एकेका झाडाखाली वीस-पंचवीस फळं. उचलून पाहा, वरून चांगलं दिसते. नीट पाहिलं तर टाचणी टोचावी तसं भोक. जरा दाबलं की रसाची चिळकांडी डोळ्यात. झाडावर राहिलं तर दोन-तीन दिवसांत भोकाभोवती तपकिरी गोल डाग, अन् मग तेही खाली. आपण बहार धरायचा, पाणी तोडून ताण द्यायचा, पाणी सोडायचं, खत टाकायचं, अन् व्यापारी सौद्याला यायच्या आत हे रात्रीतून पिऊन जाते.

मागच्या वर्षी एका दुकानदाराने पंधरा सापळे माह्या माथी मारले. "मिथाइल युजेनॉल हाय भाऊ, सगळं येते." माश्या आल्या. डबे भरून आल्या. फळं तशीच गळत राह्यली. परत गेलो तर म्हणे, तुमच्या बागेची दिशा चुकली. बागेची दिशा कधी चुकते काय जी?

---

कृषी_७८ | १०.४०

काटोलकर भाऊ, दिशा नाही, दुकानदार चुकला. मिथाइल युजेनॉलला फळमाशीचे नर येतात. पतंगाला त्या वासाचं काही देणंघेणं नाही. त्याला पिकलेल्या फळाचा वास लागतो.

माशी की पतंग हे ओळखायला गळलेलं फळ कापा. आत पांढऱ्या अळ्या वळवळत असतील तर माशी. अळी नाही आणि भोकाखालच्या फोडी चोथा झाल्यासारख्या कोरड्या, तर पतंग. देठाकडून काळं पडून गळलेलं फळ मात्र बुरशीचं, ते बिचाऱ्या पतंगावर ढकलू नका. जमिनीलगतची फळं तपकिरी पडून कुजली असतील तर तीही बुरशीच, पावसाच्या थेंबांबरोबर मातीतून उडते. आमच्याकडे प्रत्येक फळगळीला एकच आरोपी लागतो, पोलिसांसारखं.

निशाचर, आम्ही महाराजबागेसमोरच्या कृषी महाविद्यालयात "ओथ्रेइस" म्हणून पाठ केलं होतं, ओथ्रेइस फुल्लोनिका. परीक्षेत स्पेलिंगचे मार्क गेले. आता नाव बदललं, कुळही नॉक्टुइडीतून उठून एरेबिडीत गेलं. मार्क परत मिळतील का?

आणि तुमचा अंदाज चुकणार. मटेर्ना आहे. आमच्या वेळी बागेत तोच जास्त सापडायचा.

---

निशाचर | १०.५२

पैज? हरणाऱ्याकडून पुडाची वडी, आपली कोथिंबिरीची.

---

कृषी_७८ | १०.५३

लागली. घरची. विकतची चालणार नाही.

---

खोडकर_पोट्टा | १०.५५

पंच म्हणून माझं नाव लिहा. पंचाला सहा वड्या.

---

आजोळ_वर्धा | १५ सप्टेंबर, सकाळी ७.३०

गुळवेल एकटीच नाही, वासनवेलीवरही ह्या अळ्या असतात. दोन्ही एकाच कुळातल्या. लहानपणी आजोळी आम्ही वासनवेलीचा पाला वाटीभर पाण्यात कुस्करायचो, गाळून ओट्यावर ठेवायचो. थोड्या वेळाने पाण्याची हिरवी थलथलीत वडी व्हायची, सुरीने कापता यायची. आजी म्हणायची, पोटात थंडावा होतो, खा. आम्ही खायचो नाही, एकमेकांच्या सदऱ्यात टाकायचो. त्या वेलीवरच्या अळ्याही आठवतात, "साप-अळी" म्हणायचो. तिचा संत्र्याशी संबंध आहे हे वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळतंय.

---

ढोलकी_पुणे | ८.०५

एक बाळबोध प्रश्न. फुलपाखरं, पतंग सोंडेने मध पितात ना? सोंड मऊ, सरबताच्या नळीसारखी. संत्र्याची साल कशी फुटते त्याने?

---

निशाचर | ८.३१

प्रश्न बाळबोध नाही, अख्ख्या गणाचं वेगळेपण त्यातच आहे.

बहुतेक पतंगांची सोंड मऊच असते. पिकून फुटलेल्या किंवा दुसऱ्याने टोचलेल्या फळावरच ते बसतात. एरंडीवरच्या उंटअळीचा पतंग बागेत दिसतो तो बहुतेकदा असाच, आयत्या भोकावर नागोबा. युडोसिमाच्या सोंडेचं टोक मात्र कडक, त्यावर उलटे काटे. सोंड दोन अर्धांची बनलेली असते, ते अर्धे आळीपाळीने मागेपुढे सरकवत तो साल भोसकतो. काटे आत अडकतात, सोंड मागे येत नाही, पुढेच जाते. संत्रंच नाही, मोसंबी, डाळिंब, पेरू, लिची, काही सुटत नाही.

याच उपकुळात कॅलिप्ट्रा नावाचा दुसरा गण आहे. त्यातल्या काही जातींचे नर चक्क जनावरांचं रक्त पितात. हान्स बँझिगर नावाच्या संशोधकाने १९६० च्या दशकात मलायात ते पहिल्यांदा पाहिलं. फळ फोडायचं हत्यार हाती आलं की कातडी फार लांब राहत नाही.

---

ढोलकी_पुणे | ८.४०

धन्यवाद. आज संध्याकाळपासून खिडक्या बंद.

---

काटोलकर | ८.५५

पुणेकर भाऊ, घाबरू नका, आमचं पाखरू शाकाहारी हाय. तुमच्याकडे आलं तरी दुपारी एक ते चार थांबंल.

---

काढाप्रेमी | ९.२०

मूळ मुद्दा बाजूला राहतोय. गुळवेल ही अमृता आहे! अळ्या लागल्या म्हणून अमृतवल्ली तोडायला सांगणाऱ्यांची कमाल वाटते. आम्ही घरी रोज सकाळी...

---

डॉक्टर_निवृत्त | ९.३५

रोज सकाळी नको. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांत यकृताला सूज आलेले रुग्ण नोंदवले होते.

---

काढाप्रेमी | ९.३८

आयुष मंत्रालयाने ते तेव्हाच खोडून काढलं!

---

संपादक_मंडळ | १०.०२

काढा, यकृत आणि आयुष यांसाठी वेगळा धागा काढावा. इथले पुढचे अकरा प्रतिसाद तिकडे हलवले आहेत. इथे अळी.

---

रानवाट | ११.१०

माझं मत स्पष्ट आहे, वेल तोडू नका.

सेमिनरी हिल्सला जा, गोरेवाड्याच्या कडेने फिरा, अंबाझरीच्या मागे जा. गुळवेल आणि वासनवेल जागोजागी आहे, कोणी लावलेली नाही. मोगराताईंची एक वेल तोडून काय होणार? शिवाय त्याच वेलीवर या पतंगाचे शत्रूही जगतात. पानाखालच्या अंड्यांत आपली अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या असतात, टाचणीच्या डोक्याहून लहान. वेल गेली की त्याही गेल्या. पतंग उडून दुसरीकडे जाईल, त्या कुठे जातील?

---

काटोलकर | ११.४५

रानवाट भाऊ, तुमचं म्हणणं शहरात ठीक हाय. आमच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर येऊन पाहा. धुऱ्यावरच्या बाभळीवर गुळवेल, खाली वासनवेल, अन् दहा पावलांवर झाडाला लटकलेली फळं. पाखराच्या पोरांना खोलीतून थेट जेवणाच्या ताटावर! मी तिथली वेल तोडतो अन् तोडत राहीन. तुमच्या गांधीलमाशीला माहा नमस्कार सांगा, तिच्या भरवशावर मले बँकेचा हप्ता भरता येत नाही.

---

रानवाट | १२.०५

धुऱ्यावरची तोडा, त्याला माझी ना नाही. मी अंगणातल्या वेलीबद्दल बोलत होतो.

---

हिरवा_चाफा | दुपारी १.३०

थोडं अवांतर. आपलं राज्य फुलपाखरू राणी पाकोळी, २०१५ मध्ये जाहीर झालं. तिची अळी कशावर वाढते? लिंबू-संत्र्याच्या कुळातल्या झाडांवरच! म्हणजे पानं खाणारीला राज्याचा मान आणि रस पिणाऱ्याला चोर. दिसण्यावर सगळं आहे.

---

कृषी_७८ | २.१०

चाफा, रोपवाटिकावाल्यासमोर हे बोलू नका. लिंबावरच्या फुलपाखराच्या अळ्या कोवळी रोपं आठवड्यात काड्या करून टाकतात. त्यातल्या लहान अळ्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, म्हणून मान मिळायला पंख फुटेपर्यंत थांबावं लागतं.

बरं, काटोलकरांनी उपाय विचारले नाहीत तरी सांगतो. ह्या पतंगावर फवारणी का चालत नाही ते समजून घ्या. अळी बागेत नसतेच, वेलीवर असते. पतंग दिवसा बागेत थांबत नाही, झाडोऱ्यात पानासारखा बसून राहतो. अंधार पडल्यावर येतो, सोंड सालीच्या आत घालतो, पिऊन जातो. तुमचं औषध सालीवर, त्याचं तोंड फोडीत.

म्हणून गळलेली फळं रोज वेचून खड्ड्यात पुरायची, तो वासच त्याला बोलावतो. संध्याकाळी कडुनिंबाच्या ओल्या पाल्याचा धूर, म्हणजे फळाचा वास झाकला जातो. गूळ, फळांचा रस आणि मॅलॅथिऑन हे कीटकनाशक यांचं आमिष रुंद तोंडाच्या डब्यात भरून झाडाला टांगतात, पण प्रमाण कृषी सहायकाला किंवा अमरावती रोडच्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेत विचारूनच. आणि डबे जनावरं, पोरंबाळं यांच्या हाताबाहेर.

---

सर्किट | २.४०

नुसता हॅलोजन लावा ना बागेत. पतंग दिव्यावर येतो हे शाळेतल्या पोरालाही माहीत. खाली पाण्याचं घमेलं, काम खतम.

---

निशाचर | ३.१५

दिव्यावर जळणारा पतंग कवितेत असतो, युडोसिमा नाही. दिव्याच्या सापळ्यात हा फार कमी सापडतो, त्याचं सगळं लक्ष फळाकडे. उलट जपानमध्ये बागांत पिवळे दिवे लावतात ते त्याला पकडायला नाही, थोपवायला. पिवळ्या उजेडात त्याच्या डोळ्याला दिवस असल्यासारखं वाटतं आणि तो फळावर उतरायचं टाळतो.

---

काटोलकर | ४.००

आमच्या फीडरवर रात्रीची लाइन कधी येते हे पाखराले माहीत हाय, आम्हालेच नाही. जपान राहू द्या.

मी सांगतो माहा उपाय. मागच्या वर्षी सापळे फसल्यावर मी अन् माहा पोरगा, दोघं रात्री आठला बॅटरी अन् मासे धरायची जाळी घेऊन निघालो. पहिल्या ओळीत काहीच नाही. दुसऱ्या ओळीत बॅटरी वर केली अन् पोरगा म्हणते, "बाबा, झाडात कोणी बिडी ओढून राह्यलं." पानांत लाल-नारिंगी ठिपके, दोन-दोन, जोडीनं. तेच डोळे! उजेड पडला की चमकतात. फळाले चिकटून बसला असते, सोंड आत, पंख थरथरत. पीत असला की उडायची घाई नसते त्याला, चिमटीत येते.

त्या रात्री एकशे बारा धरले. पोरानं वहीत लिहून ठेवले. दहा दिवस रोज गेलो. आठव्या दिवशी सतरा. गळ थांबली असं म्हणत नाही, पण सकाळी एका घमेल्यात मावंल एवढीच फळं राह्यली, आधी चार कॅरेट भरत होते.

---

आजोळ_वर्धा | ४.२०

पोराची ती वही जपून ठेवा हो. असे आकडे रोजच्या रोज कोण लिहितं?

---

मोगरा_नागपूर | रात्री ८.४५

बापरे, दिवसभरात केवढं लिहिलंत! मामेसासऱ्यांना काटोलकरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते म्हणाले, "हा माणूस समजदार आहे." रानवाटांचा वाचून दाखवला तर म्हणाले, "ह्याची बाग नाही."

मला आता पेच पडलाय. पाच अळ्यांपैकी चार कृषी_७८ दादांचं नाव घेऊन साबणाच्या पाण्यात टाकल्या. पाचवी सुटली. आज बघते तर तिने दोन पानं धाग्याने शिवून घर केलंय आणि आत बसलीय.

---

कृषी_७८ | ९.००

माझं नाव घेऊन का? मी फक्त मार्क मागत होतो.

आत कोष होतोय. ती पानं देठासकट तोडून जाळीच्या डब्यात ठेवा, उन्हात नको. दहा-पंधरा दिवसांत पतंग निघेल. पैजेचा निकाल घरबसल्या लागेल. मागचा पंख बघायचा : नारिंगी पंखाच्या मधोमध काळा गोल ठिपका असेल तर मटेर्ना. जाड, वाकडा, स्वल्पविरामासारखा काळा डाग असेल तर फॅलोनिया.

वेलीबद्दल माझं मत : ठेवा, पण पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पानं उलटून बघा. तुमच्या अंगणातली वेल म्हणजे सापळाच आहे. पतंगाची मादी अंडी घालायला कुठेतरी जाणारच, तुमच्याकडे आली तर तुम्हाला सापडते. धुऱ्यावर कोण पानं उलटत बसतं? तिथली तोडायची.

---

रानवाट | ९.१५

हे मान्य.

---

काटोलकर | ९.२०

मलेही. पण आठवडा चुकवू नका ताई.

---

मालवणी_खाजा | १७ सप्टेंबर, दुपारी १२.४०

उशिरा आलो. याच गणातला सॅलॅमिनिया आमच्याकडे सिंधुदुर्गात एकदा ओटीवर बसलेला पाहिलाय. पुढचा पंख हिरवागार, कडेला साईच्या रंगाचा पट्टा. आईने केळीच्या पानाचा तुकडा समजून उचलायला हात घातला. बाकी धागा वाचून संत्री खायची इच्छा झाली.

---

खोडकर_पोट्टा | १.००

संत्री नंतर. पंच वड्यांची वाट पाहून राहिला.

---

मोगरा_नागपूर | ३० सप्टेंबर, सकाळी ६.५०

निघाला!

रात्री साडेअकराला डब्यात खडखड ऐकू आली. लाइट लावला तर पंख अजून ओले, चुरगळलेल्या कापडासारखे. जाळीला धरून उलटा लटकला आणि बघता बघता पंख उलगडत गेले. पुढचे पंख बंद केले की खरंच वाळकं पान. मुलीने उदबत्तीच्या काडीने हळूच स्पर्श केला आणि आतला नारिंगी उघडला. संत्र्याच्या सालीचा रंग हो अगदी! मधोमध टिकलीएवढा काळा गोल ठिपका. फोटो जोडलाय.

---

कृषी_७८ | ७.०५

मटेर्ना! निशाचर, पत्ता पाठवतो. सांबार (कोथिंबीर हो) ताजा घ्या, खोबरं-खसखस हात राखून नको.

---

निशाचर | ७.२०

मान्य. पण वड्या बायको करणार, तिला हे सगळं कसं सांगायचं ते सांगा.

---

काटोलकर | ७.४०

ते ठीक, पण ताई, त्या पाखराचं काय केलं?

---

मोगरा_नागपूर | ८.१५

...मुलगी रडायला लागली. सोडलं.

---

काटोलकर | ८.१८

कोणत्या दिशेनं गेलं?

---

मोगरा_नागपूर | ८.२५

हिंगण्याकडे.

---

काटोलकर | ८.२६

मंग ठीक हाय. मामेसासऱ्यांना सांगू नका, मी बी नाही सांगत. अन् पोरीसाठी डिसेंबरात एक कॅरेट संत्री पाठवतो, त्याच्या तडाख्यातून वाचली तर.